देठावरचा वण

एदिल्मा,

चर्चच्या वाचनालयातल्या पोरी तुझ्यावर पानभर मजकूर मागताहेत. भिंतीवर लावायचाय म्हणे, तुझ्या फोटोखाली. सुरुवात म्हणून त्यांनीच दोन ओळी लिहून आणल्या होत्या: साधी, प्रेमळ, झाडांवर माया करणारी. मी त्या खोडल्या. तू साधी नव्हतीस. प्रेमळ तर मुळीच नव्हतीस. आणि झाडांवर तुझी माया होती त्याहून एका माणसावर तुझा दात होता, हे जास्त खरं. एकोणचाळीस वर्षं दात धरून बसायचं म्हणजे काय खायचं काम आहे? भल्याभल्यांना चार महिन्यांत कंटाळा येतो. मग ते लपवायचं कशाला? तेव्हा झालं तसं लिहिते. तुझी गोष्ट तुलाच ‘तू, तू’ करत सांगायला गेले तर भांडल्यासारखं होईल, म्हणून तुला जरा लांब बसवते आणि तिऱ्हाइतासारखी सांगते.

एदिल्मा तांगारिफे ही ला सिएनेगा वाडीतली. सांता ओल्गा गावातून दोन तास चढून आलं की ही वाडी लागते. दुपारनंतर ढग असे खाली येतात की अंगणातली कोंबडी दिसत नाही. तिचा बाप एलेआसार लाकूड कापणारा. आई लवकर गेली. बापाने हिला घरात ठेवायचं कुणापाशी, म्हणून जंगलात बरोबर नेलं, आणि पोर झाडांमध्येच वाढली.

वाडीत ज्याला अल्मानेग्रा म्हणतात, म्हणजे काळ्या आत्म्याचं झाड, ते सोनचाफ्याच्या कुळातलं. सरळसोट उंच, पान चामड्यासारखं, फूल शेंड्याला, जाड पांढऱ्या पाकळ्यांचं. कापलं की आतला गाभा काळाभोर निघतो. त्यावरूनच लोक ओळखतात. कोयता घ्यायचा, खोडावर तीन-चार तिरके घाव घालून पाचर काढायची, आत काळं दिसलं की झालं, अल्मानेग्रा. आमच्याकडे कुणाला कधी वाटलंच नाही की झाड ओळखायला पान बघावं लागतं. पान काय, सगळ्यांनाच असतं.

एलेआसारला मात्र ठाऊक होतं की ही जात एक नाही, दोन आहेत. दोन्हींचा गाभा काळाच. फरक देठात. या झाडांचं कोवळं पान एका खोळीत गुंडाळलेलं असतं. पान उलगडलं की खोळ गळून पडते. एका जातीत ती खोळ देठाला चिकटलेली असते, म्हणून गळताना देठाच्या वरच्या अंगाला लांबलचक वण ठेवून जाते. दुसरीत खोळ मोकळी, देठ गुळगुळीत. फांदीवर कडं दोन्हींत उमटतं, त्यामुळे फांदी बघून उपयोग नाही. गुळगुळीत देठाची झाडं डोंगरावर पुष्कळ. वणाची तेव्हा चारच ठाऊक होती. त्यातलं एक एलेआसारच्या आणि बेदोयांच्या जमिनीच्या बांधावर उभं होतं.

गिल्दार्दो बेदोया तेव्हा पस्तिशीचा, लाकडाचा व्यापारी, बोलायला तिखट. साध्या जातीच्या तोडीला परवाना मिळायचा, दुसरीला बंदी होती. बांधावरचं झाड तपासायला जंगलखात्याचा एक कारकून वर आला. अख्खी वाडी बघायला जमली, कारण वर कुणी बूट घालून आलं की आम्ही जमतोच. गिल्दार्दोने कोयत्याचे तीन घाव घातले आणि पाचर काढून कारकुनापुढे धरली.

“हे बघा साहेब, काळं. नेहमीचीच आहे. लिहा.”

“थांबा जरा,” एलेआसार म्हणाला. “काळं दोघींचंही असतं. देठ बघा साहेब. हिच्या देठावर वण आहे. ही ती दुसरी.”

कारकुनाने पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं. त्याला काय कळणार?

गिल्दार्दो हसला. “साहेब, दॉन एलेआसारना स्वतःचं नाव वाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा उठवतात. पण आता ते देठ वाचायला लागलेत. मास्तरीणबाई, तुमची शाळा भारीच निघाली हो.”

सगळे हसले. मास्तरीणबाई म्हणजे मी, मीही हसले. कारकुनाने लिहून टाकलं. गुरुवारी झाड पडलं.

झाड पडलं एवढ्यावर भागलं असतं तर एलेआसारने सोसलं असतं. त्याने स्वतः कमी झाडं पाडली नव्हती. पण गावात त्याचं नाव पडलं: वाचक. रविवारी तो चर्चमधली मिसा सुटल्यावर कॉफी प्यायला बसला की कुणीतरी पेरूचं पान पुढे सरकवायचं. “दॉन एलेआसार, हे जरा वाचा बघू, माझी सासू कधी जायची लिहिलंय?” तीन रविवार त्याने ऐकून घेतलं. चौथ्या रविवारी तो खाली उतरला नाही, आणि पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, उतरलाच नाही. शेवटी पाद्रीच वर चढून आले.

झाड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांची एदिल्मा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“मला वाचायला शिकवा.”

“तिसरीपर्यंत आली होतीस की.”

“विसरले. छापील शिकवा. देठ येतं मला.”

ती माझ्याकडे बघून हसली नाही, आणि मी कशाला हसले होते ते तिने आयुष्यात कधी काढलं नाही. तिचा हिशेब एकाच माणसाशी होता. आठ महिन्यांत ती वर्तमानपत्र घडघड वाचायला लागली. वाचून झालेल्या वर्तमानपत्रात पानं दाबून गादीखाली ठेवायची. त्या गादीवर झोपायचं म्हणजे पापडावर झोपल्यासारखं. कूस बदलली की कुरकुर.

तिने दोर घेतला आणि झाडांवर चढायला लागली. पानाखाली लव आहे की नाही, असली तर कुठे, फक्त शिरेवर की सगळीकडे. कळीला किती टोप्या असतात; त्या गळाल्या की फुलाच्या दांड्यावर एकेक कडं राहतं, ती कडी मोजायची. फळ लाकडासारखं कठीण, खणाखणांचं. त्यात खण किती. तीन खोरी तिने अशी पालथी घातली आणि वणाची आणखी नऊ झाडं शोधून काढली. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, “एका पुरुषाचा विचार करण्यात दिवस जातो, दुसऱ्याला वेळ कुठून देऊ?” तो एक पुरुष कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हसत नसे.

पुढे विद्यापीठातले लोक यायला लागले. त्यांना वाटाड्या लागायचा, तेव्हा ही पुढे व्हायची. मोठमोठ्या डॉक्टरांना ती झाडाखाली उभं करून डोळे मिटायला लावायची आणि त्यांचा अंगठा धरून देठावरून फिरवायची. “लागलं? आता दुसरं. लागलं? नाही ना? मग झालं, एवढंच आहे.” विसाव्या-पंचविसाव्या वर्षी अशी स्थिती आली की कुठेही काळ्या गाभ्याच्या झाडाचा वाद निघाला की खात्यातले लोक म्हणायचे, दोन्या एदिल्माला, म्हणजे एदिल्माबाईंना, विचारा.

आणि मग, सदतीस वर्षांनी, गिल्दार्दो बेदोयालाच तिला विचारावं लागलं.

लाकडाचा धंदा कधीच बसला होता. मुलं शहरात. गुडघा गेलेला. त्याला उतारावर अव्होकाडो लावायचे होते, दोन हजार रोपं काळ्या पिशव्यांत तयार उभी होती. पण उताराच्या मधोमध एक अल्मानेग्रा होतं आणि रस्ता नेमका तिथूनच जाणार होता. झाड साधं असेल तर काढता येणार होतं. दुसरं असेल तर त्याच्या भोवतीच्या तीस पावलांत कुदळही लावायची नाही, असा नियम आलेला. फळं उचलणाऱ्या कंपनीला कागद हवा होता. खात्याने मारीलुस नावाची सव्वीस वर्षांची पोरगी पाठवली, हुशार, नम्र, आणि एदिल्मावर देवासारखा विश्वास ठेवणारी. ती म्हणाली, “दोन्या एदिल्मा सांगतील तेच मी लिहीन.”

एदिल्माने खालच्या फुटव्याचं एक पान तोडलं. डोळे मिटले. अंगठा देठावरून फिरवला.

गुळगुळीत. साधं झाड. एका श्वासात कळलं तिला.

“काय म्हणतंय पान?” काठीवर रेललेल्या गिल्दार्दोने विचारलं.

“पान काही म्हणत नाही, दॉन गिल्दार्दो.”

“म्हणजे?”

“कोवळं आहे, खालच्या फुटव्याचं. असल्या पानावर वण कधी दिसतो, कधी नाही. भरवसा ठेवता येत नाही. फूल बघावं लागेल.”

“फूल कधी येतं?”

“आलंच तर फेब्रुवारीत.”

तेव्हा जून चालू होता. मारीलुसने सगळं वहीत उतरवून घेतलं. एदिल्मा घरी आली, घेवड्यात डुकराच्या चामडीचे तुकडे टाकून शिजवले, दोन ताटं जेवली. इतकी जेवताना तिला मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती दोराने शेंड्यापर्यंत चढली. खाली आली ती मान हलवत. “भुंग्यांनी दांडा कुरतडलाय. कडी मोजता येत नाहीत. फळ बघू.” फळ धरलं, ते ऑक्टोबरात पोपटांनी फोडलं. “अख्खं फळ हवं. अर्ध्या फळाचे खण मोजून मी कुणाची फसवणूक करणार नाही.” हे ती अशा गंभीर चेहऱ्याने बोलायची की मारीलुसला तिचा आणखीनच आदर वाटायचा. खाली रोपांची मुळं पिशव्या फाडून जमिनीत घुसली. उपटून दुसरीकडे लावायची म्हटलं तर मरणार. एदिल्मा दर शनिवारी वाकडी वाट करून त्या रोपांवरून जायची. पानं पिवळी पडत होती. ती ओळीने बघत जायची, लोक बाजारात भाजी बघतात तशी.

एके दिवशी गिल्दार्दो काठी टेकत वर आला, तिच्या घरी. बांधावरचं झाड पडल्यापासून बेदोयांपैकी कुणी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. तिने बाकडं पुसलं, गुळाचं गरम पाणी आणि चीजचा तुकडा पुढे ठेवला. पाहुण्याचं ते पाहुण्याचं.

“पोरी, तू मला छळते आहेस.”

“मी कुठे? मी तर फळाची वाट बघतेय. तुम्ही कसं तीन घावांत ठरवलंत. मला तेवढी अक्कल नाही, मला वेळ लागतो.”

“म्हाताऱ्याचं अजून धरून बसलीस? चाळीस वर्षं होत आली.”

“अडतीस. हे गरमच प्या, गार झालं की चव जाते.”

तो थोडं प्यायला. “काय हवंय तुला? सरळ बोल.”

“रविवारी मिसा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: एलेआसार तांगारिफे बरोबर होता, मी खोटं बोललो.”

“खोटं?” त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “अगं, मला कुठे ठाऊक होतं खरं काय ते? मला झाड हवं होतं.”

 इतक्या वर्षांत एदिल्माने त्याला लबाड धरला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि हे लबाडीपेक्षाही तिला जास्त झोंबलं.

“मग तेच म्हणा,” ती शेवटी म्हणाली. “म्हणा, मला ठाऊक नव्हतं, तरी मी बोललो.”

गिल्दार्दोने पेला उपडा केला, काठी शोधली. “त्यापेक्षा पोपट बरे,” म्हणाला, आणि उतरायला लागला. गुडघ्यामुळे तो आडवा-आडवा उतरत होता. ती दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मदतीला गेली नाही.

असं आणखी एक वर्ष गेलं. कंपनी दुसऱ्या डोंगरावर गेली. रोपं वाळली, पिशव्या तेवढ्या उरल्या. तिला हवं ते वाक्य मिळालं नव्हतं, पण जे मिळत होतं तेही काही वाईट नव्हतं, असं ती मला म्हणाली होती.

मग एका सकाळी मारीलुस चढून आली. पाठीवरच्या पिशवीत चाळीस पुस्तिका, वाटून उरलेल्या. खात्याने छापल्या होत्या, जंगलरक्षकांसाठी: काळ्या गाभ्याची झाडं कशी ओळखावीत. पहिल्याच पानावर एदिल्माचं नाव, आभारासह. एदिल्माने हात पुसले, चष्मा लावला, आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. छापलेल्यात आपलं नाव वाचायला कुणाला आवडत नाही? मी समोर बसून मक्याच्या पिठाचा अरेपा खात होते. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं.

मी पुस्तिका ओढून घेतली. तिथे होतं: ‘देठावरच्या वणावरून जात ओळखणे भरवशाचे नाही, खालच्या व कोवळ्या पानांवर वण दिसेलच असे नाही. माहिती: दोन्या एदिल्मा तांगारिफे.’

“त्याबद्दलच विचारायचं होतं,” मारीलुस म्हणाली. “पलीकडच्या खोऱ्यात एका मालकाची तोड रक्षकाने अडवली होती, देठावर वण आहे म्हणून. मालकाने हे पान दाखवलं. भरवशाचं नाही असं छापलंय म्हटल्यावर रक्षक काय बोलणार? परवाना मिळाला.”

“कापलं?”

“गेल्या आठवड्यात. मी एक पान आणलंय. मला नुसतं कळायला हवं की ते कोणतं होतं.”

तिने वहीतून पान काढलं. आधीच कोमेजलेलं. एदिल्माने या वेळी डोळे मिटले नाहीत. अंगठा देठाच्या बुडापासून टोकापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

“वण आहे,” ती म्हणाली.

“पण पान कोवळं असेल तर...”

“कोवळ्यावरही असतो. खालच्या फुटव्यावरही असतो. पान नखाएवढं असलं तरी असतो. मी खोटं सांगितलं तुला.”

मारीलुसने वही मिटली. “का?” एवढंच म्हणाली.

“तुझ्या कामाचं नाही ते. पेन आहे का? लिही आधी.” आणि मग, मारीलुस लिहीत असताना, माझ्याकडे वळून म्हणाली, “गिल्दार्दोने बाबांना चौदा माणसांपुढे खोटं पाडलं. मी छापून पाडलं.”

मी चुलीत लाकूड सारलं. 

दोघींनी मिळून चाळीस पुस्तिकांची सातवी पानं एकेक करून फाडली. वीस तिने, वीस मारीलुसने. पानं चुलीत गेली. दुसऱ्या दिवशी एदिल्मा कंबर धरून बसमध्ये बसली, पलीकडच्या खोऱ्यात गेली आणि त्या रक्षकाला गाठून म्हणाली, तू बरोबर होतास, चूक माझी आहे, चार माणसांपुढे सांगू का? त्याने नको म्हटलं. तरी तिने बस-थांब्यावर सांगितलंच. ज्या वाक्यासाठी ती गिल्दार्दोमागे इतकी वर्षं लागली होती ते तिने स्वतः तीन मिनिटांत बोलून टाकलं, आणि परतीच्या बसमध्ये तिला उलट्या झाल्या. वळणांनी झाल्या, असं ती म्हणाली.

मारीलुसने जाताना विचारलं होतं, मग दॉन गिल्दार्दोंच्या झाडाचं काय लिहू? “त्याचं मी बघते,” एदिल्मा म्हणाली होती. “माझ्या अक्षरात जाईल.”

शुक्रवारी तिने लिहिलं. पहिल्या दोन चिठ्ठ्या फाडल्या. त्यांत शिव्या होत्या, त्याही बऱ्या होत्या. तिसरीत तीनच ओळी राहिल्या: ‘तुमचं झाड साधं आहे. देठ गुळगुळीत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.’ खाली पूर्ण सही. तेवढा कागद खात्यात दाखवला की झाड काढता आलं असतं.

आता तुला परत जवळ घेते, एदिल्मा, कारण इथून पुढचं माझं आहे.

तुझी कंबर उचलत नव्हती म्हणून चिठ्ठी माझ्याकडे दिलीस. म्हणालीस, “शनिवारी खाली जाशील तेव्हा दे. हातात दे, आणि काही बोलू नकोस.” मी गेले. तो फाटकापाशी शेंगा सोलत बसला होता. मला बस म्हणाला नाही. उन्हात उभी ठेवून अर्धा तास गुडघ्याचं सांगत राहिला, मग मुलांचं, मग मेलेल्या रोपांचं, आणि ते सगळं तुझ्यामुळे कसं झालं त्याचं. चिठ्ठी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, हात तिच्यावरच होता. मनात त्याला म्हटलं, बस वाट बघत आणखी एक शनिवार. तिने कंबर दुखत असताना लिहिली, तू मला उन्हात उभं केलंस, एक शनिवार बस. दोन डझन संत्री विकत घेतली आणि चढून आले.

मंगळवारी तुला शहरात नेलं, ती तू परत आलीच नाहीस. कंबर नव्हती ती, ते तुला आता ठाऊकच आहे. जाताना तू विचारलं नाहीस, दिलीस का म्हणून. तू धरूनच चाललीस की दिली.

झाड उभं आहे. तो अजून फळाची वाट बघतो. चिठ्ठी कप्प्यातच आहे, आणि परवाही मी त्याच्या फाटकावरून गेले.